इतिवृत्तात नसलेलं

सभा सात वाजता सुरू झाली, असं मी लिहिलं.
खरं तर पावणेआठ; बेकरीवाला बाझानो
उद्याची कणीक तिंबून आल्याशिवाय
सान ओनोरिओत कशालाच सुरुवात होत नाही.

हजर एकशे बारा, खुर्च्या साठ.
उरलेले भिंतीला टेकून,
मातेचा भोपळा या हातातून त्या हातात,
सगळ्यांच्या ओठांना एकच नळी.

विषयही एकच. ट्रॅक.
साडेतीन किलोमीटर माती,
निलगिरीच्या रांगेला वळसा घालून रेल्वेच्या कोठारापर्यंत,
सदतीस साली आमच्या आजोबांनी
लाकडी फळीला घोडे जुंपून दाबलेली,
वर इंजिनातलं जळकं तेल शिंपलेली.

धान्य कंपनीचं पत्र मी वाचून दाखवलं.
सहा कोठ्या, चौदा नोकऱ्या, रक्कम अमुक.
रक्कम ऐकून कुणीतरी शीळ घातली.

मी लिहिलं: चर्चा झाली.

शाळेची नवी बाई उठली, रोमिना.
म्हणाली, शर्यतीच्या रविवारी माझं तान्हं दचकून रडतं,
तावदानं थरथरतात, पटावर मुलं कमी होत चाललीत,
आणि तुम्ही जुन्या गाड्यांच्या धुरासाठी वर्गणी काढताय.
तिला कुणी उत्तर दिलं नाही.
खरं होतं तिचं.

मग मेकॅनिक ओव्हिदिओ, टोपी छातीशी धरून.
ट्रॅक म्हणजे आमचा, असं म्हणाला,
आणि तिथून सत्तर सालच्या एका कार्ब्युरेटरमध्ये शिरला.
बाहेर येईना.
शेवटी बायकोनं कोट ओढून खाली बसवला.

बंबवाल्यांनी पाण्याची टाकी कबूल केली.
लोहारानं तारेचं कुंपण,
शिंपी बहिणींनी झेंडे, पण कापड गावाचं.
बाझानोनं तीनशे पाव, मग जरा थांबून, अडीचशे.

त्यानंतर नेलिदा एचेगाराय उठली
आणि सगळ्यांनी आपापले बूट बघितले.
एक्क्याऐंशी वर्षांची.
तिचा ओनेसिमो अडुसष्ट साली
तिसऱ्या वळणावर, निलगिरीच्या खोडाशी.
तिचं मत कंपनीला, हे आम्ही धरूनच चाललो होतो.
विचारायला तिच्या दारात कुणी गेलंच नव्हतं.

ती म्हणाली, दोनशे चाळीस.
पेंढ्याच्या गासड्या. तिसऱ्या वळणाला दुहेरी थर.
दरवर्षीसारख्याच. डिसेंबरची कापणी बरी झाली,
पेंढा कोरडा आहे.
ट्रॅक्टर कुणाचा येणार तेवढं सांगा,
मला लवकर झोपायचं असतं.

दरवर्षीसारख्या?

रात्री मी कपाटातून जुन्या वह्या काढल्या.
माझ्या आधी चिटणीस माझा बाप होता.
एकोणसत्तर, सत्तर, एक्काहत्तर,
त्याच्या किरट्या अक्षरात ओळीमागून ओळ:
गासड्या २४०. रक्कम शून्य.
आणि देणाऱ्याच्या रकान्यात एक आडवी रेघ.
त्याच्यानंतर मीही तेवीस वर्षं
तीच रेघ नकलत आलो,
पट्टी लावून, सरळ.

ट्रॅक ठेवा: एकाहत्तर. विका: अडतीस.
तिघांनी हात वर केला नाही.
हे इतिवृत्तात आहे.

मार्चमधल्या त्या रविवारी
वारा दक्षिणेचा, धूळ दातांत.
गाड्या सुरू होऊन आपल्याच धुरात खोकत उभ्या.
तिसऱ्या वळणावर नेलिदा काठीनं गासड्या मोजत चाललेली,
खोडावरच्या जुन्या वणापाशीही न थांबता,
आणि तिच्यामागे मी, वही घेऊन, शिंकत.

दोनशे एकोणचाळीस, ती म्हणाली.
पुन्हा मोजल्या. दोनशे एकोणचाळीस.
झेंडेवाल्याला तिनं काठी दाखवली: थांब.

चाळीसावी सापडली कुंपणापलीकडे, सावलीत.
तिच्यावर रोमिना बसलेली,
कानांत कापूस, मांडीवर तान्हं,
गुडघ्यावर मुलांच्या वह्या, लाल पेन.

माझं मत विरोधातच होतं, ती आधीच म्हणाली.

असू दे, नेलिदा म्हणाली.
पण ऊठ, पोरी. ही माझी आहे.